पार्श्वभूमी : बँड मोडल्यावर बाजारात आलेला 'ओडिसी अँड ऑरॅकल'

क्लासिक रॉकमधले लाडके अल्बम कोणते, असा विषय निघाला की बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आणि पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' ही नावं ठरलेली असतात. त्यात नवल नाही. 'डार्क साइड' १९७३मध्ये आला आणि अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' या लोकप्रियतेच्या यादीत ७००हून जास्त आठवडे ठाण मांडून बसला. पण याच गप्पा जरा रंगल्या की कुणीतरी 'झॉम्बीज'चं नाव काढतं. सेंट ऑल्बन्स या लंडनजवळच्या गावातल्या पाच पोरांचा हा बँड. त्यांचा 'ओडिसी अँड ऑरॅकल' एप्रिल १९६८मध्ये इंग्लंडात निघाला, तेव्हा बँड मोडून चार महिने झाले होते.

सुरुवात मात्र झोकात झाली होती. १९६४मध्ये एका सायंदैनिकाने भरवलेली बँड-स्पर्धा त्यांनी जिंकली, 'डेका' कंपनीशी करार झाला आणि 'शीज नॉट देअर' हे पहिलंच गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. कीबोर्डवर रॉड आर्जंट, गायक कॉलिन ब्लनस्टोन, बासवर ख्रिस व्हाइट, गिटारवर पॉल ॲटकिन्सन आणि ड्रमवर ह्यू ग्रंडी. पुढच्या दोनेक वर्षांत गाणी येत राहिली, पण खुद्द इंग्लंडात मोठं यश काही मिळेना. १९६७च्या सुरुवातीला ते फिलिपीन्सला गेले तर तिथे हजारोंची गर्दी! आपण तिकडे एवढे लोकप्रिय आहोत, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

आर्जंट आणि व्हाइट यांची खरी तक्रार वेगळी होती. गाणी लिहायची आपण आणि त्यांचा अंतिम आवाज ठरवायचा निर्मात्याने, हे त्यांना खटकत होतं. बँड बहुधा फार टिकणार नाही हे दिसत होतं. तर मग एक अल्बम तरी मनासारखा करून जाऊ, असं त्यांनी ठरवलं. 'सीबीएस' या रेकॉर्ड कंपनीने १००० पौंड दिले आणि निर्मितीची सूत्रं त्यांच्याच हाती सोपवली.

१९६७च्या जूनमध्ये ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत काम सुरू झालं. बीटल्स तिथे 'सार्जंट पेपर'चं काम संपवून नुकतेच बाहेर पडले होते आणि त्यांच्याबरोबर काम केलेला जेफ एमरिक आता झॉम्बीजचं ध्वनिमुद्रण करत होता. पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बमही त्याच वास्तूत, त्याच वर्षी मुद्रित झाला. जॉन लेननचा मेलोट्रॉन तिथेच पडून होता, तोच आपण वाजवला, असं आर्जंट सांगतात. मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीखाली आधीच मुद्रित केलेल्या सुराची एकेक फीत असलेला कीबोर्ड. बासरी किंवा व्हायोलिनचे ताफे बोलावण्याइतके पैसे नसलेल्या बँडला याहून मोठी देणगी कोणती?

बीटल्सनी 'सार्जंट पेपर'साठी जवळजवळ पाच महिने स्टुडिओ अडवला होता. झॉम्बीजना ती चैन परवडणारी नव्हती. तालीम घरी पक्की करायची, मग स्टुडिओत जाऊन झटपट मुद्रण उरकायचं, अशी त्यांची पद्धत होती. ॲबी रोड मिळाला नाही तेव्हा तीन गाणी ऑलिंपिक स्टुडिओत झाली. माझ्या मते या अल्बमचा नेटकेपणा या काटकसरीतून आला आहे. १९६७ साली सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या अनुभवासारखं संगीत म्हटलं की वीस मिनिटं घुमणारी गिटार, अशी अनेकांची समजूत होती. इथे तसं काहीच नाही. बारा गाणी, पस्तीसेक मिनिटं, पियानो आणि एकावर एक रचलेले गाते आवाज. नशा आहे ती सुरावटींच्या अनपेक्षित वळणांत. पहिलंच गाणं तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रेयसीला लिहिलेलं पत्र आहे, आणि चाल इतकी आनंदी की शब्दांकडे लक्ष जाईपर्यंत गाणं संपत आलेलं असतं.

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाचं गाणं व्हाइटने लिहिलं आणि आपल्या कापऱ्या आवाजात स्वतःच गायलं. साथीला फक्त पायाने भाता मारायचा ऑर्गन. संगीत नाटकांच्या साथीला जो ऑर्गन आपण ऐकत आलो, त्याच जातीचं हे वाद्य. पुढे अमेरिकेतल्या कंपनीने अख्ख्या अल्बममधून हेच गाणं पहिलं सिंगल, म्हणजे सुटी तबकडी म्हणून काढलं. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं, तेव्हा लोकांना ते भिडेल असा हिशेब असावा. हिशेब चुकला.

पैशांचं रडगाणं शेवटपर्यंत चालू राहिलं. मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेलं मिश्रण तयार झाल्यावर कंपनीने डाव्या-उजव्या वाहिन्यांत विभागलेलं स्टीरिओही मागितलं, पण त्याचे पैसे द्यायला नकार दिला. आर्जंट आणि व्हाइट यांनी गीतलेखनाच्या मानधनातून २०० पौंड घातले. त्यातही एक मेख होती. 'धिस विल बी अवर यर'मधली ब्रासची, म्हणजे पितळी फुंकवाद्यांची साथ थेट मोनो मिश्रणावरच चढवली होती, त्यामुळे त्याचं खरं स्टीरिओ करणंच शक्य नव्हतं. मोनो श्रेष्ठ की स्टीरिओ, हा चाहत्यांमधला वाद अजून मिटलेला नाही आणि तो मिटावा असं कुणाला वाटतही नसावं.

मुखपृष्ठ व्हाइटबरोबर राहणाऱ्या टेरी क्वर्क या मित्राने रंगवलं. त्यात 'ओडिसी'चं स्पेलिंग चुकलं. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, मग ते मुद्दाम तसं केलंय अशी थाप आर्जंट कित्येक वर्षं मारत राहिले.

शेवटाकडे मुद्रित झालं 'टाइम ऑफ द सीझन'. तोवर सगळे थकले होते. आर्जंट गाण्याच्या सूचना देत राहिले, ब्लनस्टोन वैतागले आणि इतकं कळतंय तर तूच येऊन गा, असं त्यांनी सुनावलं. शेवटी गायले ब्लनस्टोनच. अल्बममधून इंग्लंडात आधी काढलेली दोन सिंगल्स पडली, आणि डिसेंबर १९६७मध्ये सगळे आपापल्या वाटेने गेले. गीतलेखनाचं मानधन नसलेल्या तिघांना पोटापाण्याचं पाहणं भागच होतं. ब्लनस्टोन काही काळ चक्क विमा कंपनीत नोकरी करत होते.

अल्बम अमेरिकेत निघणारही नव्हता. 'सीबीएस'च्या अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीत नुकताच रुजू झालेला संगीतकार अल कूपर याने तो लंडनमध्ये ऐकला आणि वरिष्ठांच्या मागे तगादा लावला. अखेर एका उपलेबलवर तो निघाला. १९६९च्या सुरुवातीला 'टाइम ऑफ द सीझन' तिथल्या रेडिओवर वाजू लागलं आणि 'बिलबोर्ड'मध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. अल्बम स्वतः ९५च्या वर सरकला नाही. गाणं गाजतंय आणि बँड तर अस्तित्वातच नाही, हे पाहून मिशिगनमधल्या एका कंपनीने नकली झॉम्बीज दौऱ्यावर पाठवले. त्यातल्या एका तोतया संचात डस्टी हिल आणि फ्रँक बेअर्ड होते, पुढे झीझी टॉप या अमेरिकी रॉक बँडमध्ये नाव काढलेले! खऱ्या झॉम्बीजनी पुन्हा एकत्र यावं म्हणून पैशांची आमिषं आली, पण आर्जंट आणि व्हाइट तोवर नव्या बँडच्या उभारणीत गुंतले होते.

त्या काळातला हा एकच दुर्लक्षित अल्बम नव्हे. लॉस एंजेलिसच्या 'लव्ह' या बँडचा 'फॉरेव्हर चेंजेस' अमेरिकेच्या यादीत १५४व्या क्रमांकापर्यंतच पोचला होता, व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बम १७१पर्यंत. १९८०च्या दशकात अमेरिकी एफएम केंद्रांनी 'क्लासिक रॉक' नावाची चौकट पक्की केली, तेव्हा तिच्यात मुख्यतः गाजलेलीच गाणी बसली. पडलेले अल्बम वर आले ते दुसऱ्या वाटेने : जुन्या तबकड्या धुंडाळणारे लोक, पुनर्मुद्रणं, सीडी आणि आपल्या आवडी जाहीरपणे सांगणारे पुढच्या पिढीचे संगीतकार. 'द जॅम' या इंग्लिश बँडचा पॉल वेलर 'ओडिसी'चं गुणगान वर्षानुवर्षं करत आला आहे. २००३मध्ये 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकाच्या ५०० सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत तो ८०वा होता, २०१२मध्ये १००वा, २०२०मध्ये २४३वा. चाहते या घसरणीवर चिडले. मला त्यात विशेष काही वाटत नाही. यादी करणारे बदलले, पसंती बदलली.

ॲटकिन्सन २००४मध्ये गेले. उरलेल्या चौघांनी मार्च २००८मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. मुद्रणानंतर चाळीस वर्षांनी तो प्रथमच अख्खा रंगमंचावर ऐकायला मिळत होता.