गंधाराचा घोळ आणि मूळ संख्या

कीबोर्डला ऑर्गनचा टोन लावा, सा आणि शुद्ध ग (गंधार) एकत्र दाबून धरा आणि जरा कान देऊन ऐका. आवाजात एक बारीक थरथर जाणवेल. वाद्य बिघडलेलं नाहीये, ते बनवलंयच तसं.

सा २४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० कंपनं, धरू. नैसर्गिक ग येतो ३०० ला, म्हणजे गुणोत्तर ५:४. आता कुठलाही स्वर एकटा वाजत नाही, त्याच्यासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट असे हार्मोनिक्स वाजतच असतात. २४० ची पाचपट १२०० आणि ३०० ची चौपटही १२००, दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसतात म्हणून जोडी गोड लागते. कीबोर्डवर मात्र सप्तकाचे १२ सारखे तुकडे पाडलेले असतात, त्यामुळे ग जातो साधारण ३०२.४ वर, त्याची चौपट होते १२०९.५, आणि ती १२०० शी भांडते, सेकंदाला साडेनऊ वेळा आवाज लहान-मोठा होतो. फिजिक्समध्ये शिकलेले बीट्स ते हेच.

म्हणजे गुणोत्तरातले आकडे जितके लहान तितके हार्मोनिक्स जास्त जुळतात. सा-प ३:२, सा-म ४:३. जेम्स टेनी या संगीतकाराने दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचा लॉगरिदम घ्यायचा अशी मोजपट्टी दिली, आकडा लहान तितकी जोडी सोपी. सा-प चा गुणाकार ६, सा-ग चा २०. सोपं काम.

पण खरी मजा आहे मूळ संख्यांमध्ये. गुणोत्तराचे अवयव पाडा आणि सगळ्यात मोठी मूळ संख्या कोणती ते बघा, की स्वरांतराचं घराणं कळलं. फक्त २ आणि ३ असतील तर ३-लिमिट, ५ आला की ५-लिमिट. सा पासून पंचमाच्या चार उड्या मारून सप्तकं खाली आणली तर जो ग मिळतो तो ८१:६४, आणि आपला गोड ग ५:४ म्हणजेच ८०:६४. दोघांत फरक ८१:८० चा, सुमारे २१.५ सेंट (सप्तकाचे १२०० सेंट, हे माप अलेक्झांडर एलिसने १८८५ मध्ये मांडलं). दोघांनाही आपण ग च म्हणतो, पण घराणी वेगळी. बरं, पंचमाच्या उड्या मारतच राहिलो तर कधीतरी बरोब्बर सा वर परत येऊ का? नाही, कधीच नाही! ३ चा कुठलाही घात विषम आणि २ चा सम, ते बरोबरीत येणार कसे? १२ उड्यांनंतर ३ चा बारावा घात ५,३१,४४१ आणि २ चा एकोणिसावा ५,२४,२८८, म्हणजे जवळपास पोचतो पण २३.५ सेंट उरतातच. ही उरलेली खोट सगळ्या स्वरांत वाटून टाकली की झाला आपला कीबोर्ड.

७-लिमिटमधला ७:४ हा कोमल नि कीबोर्डपेक्षा ३१ सेंट उतरलेला असतो, ११:८ तर म आणि तीव्र म च्या अगदी मधोमध पडतो, कीबोर्डच्या कुठल्याच पट्टीवर सापडत नाही. हॅरी पार्च या अमेरिकन संगीतकाराने ११ पर्यंत जाऊन सप्तकात ४३ स्वर बसवले आणि ते वाजवायला वाद्यंही स्वतःच बनवली.

वाद्यं जुळवताना पाश्चात्त्य A हा स्वर सहसा ४४० हर्ट्झला धरतात, काही जण मात्र तो ४३२ लाच हवा म्हणतात. इथे या ४३२ हर्ट्झवाल्यांना एक प्रश्न. ‘४३२ ला ट्यून केलं की शरीर बरं होतं’ म्हणता, पण सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप आहे, ते बदललं की ४३२ आकडाही बदलतो. आणि अख्खं वाद्य ४४० वरून ४३२ वर उतरवलं तरी आतली गुणोत्तरं होती तीच राहतात. त्यात जादू कसली?

अर्थात या वर्गीकरणातही एक गोची आहे. सा २०० हर्ट्झ आणि प ३०० ऐवजी ३०१ घ्या. ३०१ म्हणजे ७×४३, नियमाप्रमाणे हे थेट ४३-लिमिटचं भयंकर प्रकरण, गुणाकार ६०,२००. कान मात्र म्हणतो, प च आहे की, जरासा चढलाय, सेकंदाला दोन बीट्स येतायत. कानाला अवयव पाडता येत नाहीत, तो जवळचं सोपं गुणोत्तर पकडतो, त्यामुळे किती सेंटपर्यंतचं चालवून घ्यायचं ते वेगळं ठरवावं लागतं, आणि ते वाद्याच्या टोनवर, लयीवर आणि ऐकणाऱ्यावरही अवलंबून असतं.