बॉल पायथनची मॉर्फ-पैदास

बॉल पायथन (पायथन रेजियस) हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर. गडद तपकिरी अंग, त्यावर फिकट पिवळसर ठिपके. भ्याला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो. रंग किंवा नक्षी आनुवंशिकरीत्या बदललेल्या सापांना ‘मॉर्फ’ म्हणतात आणि ते मिळावेत म्हणून जोड्या निवडून पैदास केली जाते. घाना, टोगो, बेनिनमधून निर्यात होणाऱ्या सापांत एखादाच विचित्र रंगाचा निघे. धंद्याची सुरुवात अशा सापांपासून झाली. अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी १९९२ मध्ये बंदिवासात अल्बिनो पिल्ले मिळवली.

अल्बिनोत टायरोसिनेज हे विकर बनवणारे जनुक बिघडलेले असते, त्यामुळे काळे रंगद्रव्य तयार होत नाही. हे जनुक अप्रभावी आहे. त्याची एकच प्रत असलेला साप (पैदासकारांच्या बोलीत ‘हेट’) अगदी साधा दिसतो. दोन हेटांच्या पिल्लांत सरासरी चारात एक अल्बिनो. उरलेल्या तिघांत दोघे हेट, म्हणून साधी दिसणारी पिल्ले ‘६६ टक्के हेट’ म्हणून विकली जातात. मादी एका वेळी साधारण चार ते आठच अंडी घालते. सहा अंड्यांतून एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता जवळपास १८ टक्के, आणि ते कळायला अंडी उबवण्याचे दोन महिने थांबावे लागते. पूर्वी हेट ओळखायला विक्रेत्याच्या शब्दाखेरीज आधार नव्हता. आता टाकलेली कात प्रयोगशाळेत तपासून घेता येते.

पेस्टल, मोहावे या मॉर्फची जनुके अपूर्ण प्रभावी, म्हणजे एका प्रतीनेही रूप बदलते आणि दोन प्रतींनी आणखी वेगळे होते. मोहावेच्या दोन प्रती एकत्र आल्या की साप पांढरा आणि डोळे निळे. बनाना मॉर्फचे जनुक याहून मजेशीर आहे, कारण ते लिंग-गुणसूत्रावर बसलेले आहे: बनाना नराला हे जनुक आईकडून मिळाले असेल तर त्याची बनाना पिल्ले बहुतेक माद्या असतात, बापाकडून मिळाले असेल तर बहुतेक नर. अजगरांतही माणसांप्रमाणे एक्स-वाय पद्धत (मादी एक्सएक्स, नर एक्सवाय) असते, याला पैदासकारांच्या अशा नोंदींतून दुजोरा मिळाला.

स्पायडर मॉर्फबद्दल मात्र कौतुक करवत नाही. त्याची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी आणि आतल्या कानाची सदोष रचना एकाच जनुकामुळे येतात. डोके डुलत राहते, भक्ष्यावर नेम चुकतो, काही साप उलटेपालटे होतात. इतर मॉर्फशी संकर करूनही हा दोष जात नाही. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटी या सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या संस्थेने आपल्या मेळ्यांत स्पायडरच्या विक्रीला बंदी घातली. इतरत्र मागणी आहे, म्हणून पैदासही चालू आहे.

ही जात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतात असा प्राणी बाळगायचा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नोंदणी लागते. तरी चोरवाट बंद झालेली नाही: बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात दडवलेले बॉल पायथन मुंबई विमानतळावर पकडले गेले आहेत.