अ‍ॅड्रिनल फटीग, पुड्या आणि रात्रीची थ्री फेज

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. रोज सकाळी साडेसातपासून रक्त काढायचं, मशीन लावायचं, रिपोर्ट द्यायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीन गोष्ट बघतोय, लोक मोबाईल पुढे करतात, त्यावर एखादा व्हिडिओ थांबवलेला असतो आणि विचारतात की दादा, ही अ‍ॅड्रिनलची टेस्ट तुमच्याकडे होते का. त्रास विचारला तर जवळपास सगळ्यांचा सारखाच. सकाळी उठवत नाही, उठलं तरी अकरा वाजेपर्यंत अंग जड, दुपारी चारला चहा नाही मिळाला तर डोकं धरतं, आणि रात्री मात्र दहा-अकराला डोळे टक्क उघडे. मागे एक आजी आल्या होत्या, खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "आंगमा जीवच नही ऱ्हायना भाऊ." त्यांना अ‍ॅड्रिनल वगैरे काही माहीत नव्हतं, नातवाने पाठवलं होतं.

हा थकवा खोटा नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटायला नको की मी त्यांच्या त्रासाला मनाचे खेळ म्हणतोय. माणूस थकलेलाच आहे. पण व्हिडिओत सांगतात तसं त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी टेन्शन घेऊन घेऊन थकल्यात, रिकाम्या झाल्यात (यालाच ते अ‍ॅड्रिनल फटीग म्हणतात, फटीग म्हणजे थकवा), हे मात्र विज्ञानाला कुठे सापडलेलं नाही.

या ग्रंथी म्हणजे काय ते आधी बघू. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी, एकेकीचं वजन फार तर 4-5 ग्रॅम. पुस्तकी मराठीत त्यांना अधिवृक्क म्हणतात. आतल्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनलिन निघतं, रात्री शेताच्या बांधावर बॅटरीच्या उजेडात साप दिसला की छाती धडधडते ना, ते त्याचं काम. बाहेरच्या सालीतून कॉर्टिसोल निघतं, शिवाय मीठ-पाणी सांभाळणारं अल्डोस्टेरॉन पण. कॉर्टिसोल दिवसाला साधारण 10 ते 20 मिलिग्रॅमच तयार होतं पण त्यावर रक्तातली साखर, बीपी, सूज, सगळं चालतं. आणि ग्रंथी आपल्या मनाने काही करत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, मग ग्रंथी कॉर्टिसोल बनवते, आणि कॉर्टिसोल पुरेसं झालं की मेंदू वरूनच पुरवठा बंद करतो. टाकी भरली की मोटर बंद करणारा ऑटो बसवतात तसंच. हा ऑटो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग थकव्याची कल्पना आली कुठून? 1936 साली हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांना थंडी, जखमा, विषारी द्रव्यं असा वेगवेगळा ताण दिला. आधी शरीर दचकतं, मग जुळवून घेतं, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी कोलमडतं, असे तीन टप्पे त्याने मांडले. त्यातला तिसरा टप्पा लोकांच्या मनात बसला. पण सेल्येच्या त्या उंदरांमध्ये अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुकल्या नव्हत्या, उलट सुजून मोठ्या झाल्या होत्या! ताण पडला की ग्रंथी जास्त काम करते. अ‍ॅड्रिनल फटीग हे नाव फार नंतरचं, 1998 मध्ये जेम्स विल्सन या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने, म्हणजे मणके-सांधे हाताने दाबून उपचार करणाऱ्याने काढलं आणि मग त्याच्या नावावर गोळ्या, पावडरी, टेस्टची पॅकेजं आली. 2016 मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी या विषयावरचे 58 अभ्यास एकत्र तपासले, आणि थकलेल्या माणसाची अ‍ॅड्रिनल थकलेली असते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. अमेरिकेतली हार्मोनच्या डॉक्टरांची मोठी संघटना, एंडोक्राइन सोसायटी, तीसुद्धा हेच सांगते.

अ‍ॅड्रिनल खरोखर बंद पडण्याचा आजार मात्र आहे आणि तो साधा नाही. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 साली त्याचं वर्णन केलं, त्यांच्या बऱ्याच पेशंटच्या ग्रंथी टीबीने पोखरलेल्या होत्या. आपल्या देशात आजही या आजाराचं एक मोठं कारण टीबीच आहे. यात वजन उतरतं, बीपी कमी राहतो, उभं राहिलं की चक्कर येते, उलट्या होतात, मीठ खावंसं वाटतं आणि हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुने व्रण काळे पडत जातात. असं असेल तर सरळ फिजिशियनकडे जायचं. सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसोल बघतात, ते डेसिलिटरला साधारण 3 मायक्रोग्रॅमच्या खाली असलं तर आजाराची दाट शंका, अधलं-मधलं आलं तर एसीटीएचचं 250 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन देऊन ग्रंथी प्रतिसाद देते का ते तपासतात. इलाज आहे आणि चांगला आहे, पण गोळी आयुष्यभर, आणि ती चुकवली तर जिवावर बेतू शकतं.

आता माझ्या मावशीचं सांगतो. मावशी अमळनेरकडची, गुडघे दुखायचे. कोणीतरी एका ठिकाणचा पत्ता दिला, तिथे कागदात बांधलेल्या पुड्या मिळायच्या, जडीबुटीच्या म्हणून. आठ दिवसांत मावशी पळायला लागली, भूक वाढली, चेहरा भरला, सगळे म्हणाले तब्येत सुधारली. दीड वर्ष घेतल्या. मग नवरात्राचे उपास धरले आणि पुड्या बंद केल्या, पाचव्या दिवशी उलट्या, बीपी वरचा ऐंशी, बोलता येईना. जळगावला नेलं, डॉक्टरांनी तो गोल चेहरा आणि हातावरचे निळे डाग बघूनच ओळखलं आणि कॉर्टिसोल करायला सांगितलं. जवळजवळ नव्हतंच. अशा बिनलेबलच्या पुड्यांमध्ये प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही स्टिरॉइड्स, म्हणजे कॉर्टिसोलसारखंच काम करणारी औषधं, मिसळलेली सापडल्याचे प्रकार आपल्या देशात वारंवार नोंदले गेलेत. प्रेडनिसोलोनची 5 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे शरीराच्या दिवसभराच्या कॉर्टिसोलएवढं काम. बाहेरून रोज एवढा माल यायला लागला की मेंदूतला तो ऑटो काय करणार, मोटर बंदच ठेवणार. महिनोन्महिने बंद राहिलेली ग्रंथी बारीक होते आणि पुडी थांबवली की लगेच उठत नाही. मावशीला परत स्टिरॉइडच द्यावं लागलं, मोजून, आणि नऊ महिन्यांत थोडं थोडं कमी करत आणलं. म्हणून कोणी अशा पुड्या घेत असेल तर एकदम बंद करू नका, पुडी हातात घेऊन डॉक्टरकडे जा, लपवू नका.

अ‍ॅड्रिनल सपोर्ट म्हणून डबीत मिळणाऱ्या गोळ्यांचं पण फार वेगळं नाही. अमेरिकेत बाजारातल्या अशा 12 गोळ्या तपासल्या तर सगळ्यांत थायरॉइड हार्मोन निघालं आणि निम्म्याहून जास्त गोळ्यांत कुठलं ना कुठलं स्टिरॉइड हार्मोन निघालं, लेबलवर त्याचा पत्ता नाही. ज्येष्ठमध पण त्यात घालतात. घसा बसल्यावर ज्येष्ठमधाची काडी चघळली तर काही होत नाही, पण रोज चमचा चमचा पावडर घेतली तर त्यातलं ग्लिसिरायझिन किडनीतलं एक एन्झाइम अडवतं, मग कॉर्टिसोल तिथे मीठ धरून ठेवायचं काम करायला लागतं, बीपी चढतो आणि पोटॅशियम घसरतं. अश्वगंधाबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. छोट्या छोट्या अभ्यासांत ताण थोडा कमी झाल्याचं आणि झोप थोडी सुधारल्याचं दिसलंय, मी ते नाकारत नाही. पण लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस पण आहेत, गरोदर बाईने घ्यायची नाही, थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. झाडपाल्याचं आहे म्हणजे निर्धोक, असं माझ्या खुर्चीत बसून दहा जण तरी म्हणतात आणि मला दर वेळी मावशी आठवते.

मग थकवा कशाचा? माझ्यासमोर जे रिपोर्ट निघतात त्यात बायांचं हिमोग्लोबिन 8-9, हे इतकं नेहमीचं की आता धक्का बसत नाही, आणि बसायला पाहिजे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायांना अ‍ॅनिमिया निघाला होता. त्यानंतर थायरॉइड, शाकाहारी घरांत बी-12, माहीत नसलेली शुगर, अंगात मुरलेला टीबी, घोरणाऱ्या माणसांचा झोपेत अडकणारा श्वास, आणि ज्याचं नाव घरात कोणी काढत नाही ते डिप्रेशन. नंदुरबार, शहादा, धडगाव आणि इकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांवर सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तिथल्या पोराला थकवा आणि हातपाय दुखी असेल तर आधी ती टेस्ट. 2023 पासून त्याचं राष्ट्रीय मिशन चालू आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होते. अ‍ॅड्रिनलच्या महागड्या पॅकेजच्या आधी सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), शुगर, बी-12 एवढं करा. आमच्या लॅबचं नुकसान झालं तरी चालेल.

आणि एवढं सगळं नॉर्मल आलं तरी थकवा उरतो, अशी माणसं पण आहेत. माझा भाऊ त्यातला.

भाऊ शेती करतो, केळी आणि थोडा गहू. शेतातली मोटर चालायला लागणारी थ्री फेज लाईट पाळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की बाराला उठायचं, डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज गेला तर तो बघायचा, मोटर चालू करायची, गव्हाच्या वाफ्यात पाणी फिरवायचं, बिबट्याची भीती वेगळीच. पहाटे येऊन पडायचं तर घरात भांडी वाजायला लागलेली. भुसावळला रेल्वेत गाड्या चालवणाऱ्यांचं, दीपनगरला पॉवर हाऊसमध्ये शिफ्ट करणाऱ्यांचं असंच. आणि इथे कॉर्टिसोल खरंच मध्ये येतं, पण थकून नाही, वेळ चुकून. कॉर्टिसोल पहाटेपासून चढतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी मारतं, मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. हे घड्याळ मेंदूत असतं आणि त्याला चावी मिळते डोळ्यात जाणाऱ्या उजेडाने. रात्री बाराला बॅटरीच्या उजेडात कामाला लागलेला आणि सकाळी दहाला झोपायला बघणारा माणूस म्हणजे घड्याळ एकीकडे आणि अंग दुसरीकडे. आठवड्यानंतर घड्याळ थोडं सरकायला लागतं तोवर पाळी परत बदलते!

यावर गोळी नाही, पण करण्यासारखं बरंच आहे आणि जवळजवळ फुकट आहे. दिवसाची पाळी असेल तेव्हा उठल्याबरोबर अर्धा तास उघड्यावर जायचं, चूळ भरून, मोबाईल घरात ठेवून, आपल्याकडे सूर्याची काही कमी नाही. रात्रीच्या पाळीत घरी येताना टोपी, डोक्याला रुमाल, उजेड कमीत कमी डोळ्यात जाऊ द्यायचा आणि खोली गोधडी लावून का होईना काळी करायची. घरच्यांनी ती झोप रात्रीच्या झोपेसारखीच धरायची, आमच्या आईला हे पटायला महिना लागला कारण दिवसा झोपणारा माणूस तिच्या हिशोबात आळशी. संध्याकाळी वीस मिनिटं डुलकी काढून मग रात्री शेतात गेलं तर फरक पडतो, हे भावाने स्वतः करून बघितलंय.

मे महिन्यात मात्र सगळं अवघड. भुसावळ, जळगावला 45-46 डिग्री, रात्री भिंती तापलेल्या, आणि झोप लागायला अंगाचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, ते उतरतच नाही. गच्चीवर झोपणारी जुनी माणसं बरोबर होती. झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ केली की कातडीकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते, तसंही उन्हाळ्यात आपल्या टाकीचं पाणी कोमटच असतं.

चहा. खान्देशात हा विषय काढला की लोक नाराज होतात पण बोलतो. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला पण अर्धा रक्तात. शिवाय जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, अ‍ॅनिमिया असलेल्या बाईने तर जेवणानंतर तासभर थांबायलाच पाहिजे. कळण्याची भाकरी, त्यासोबत मेथी नाहीतर डाळ आणि वर लिंबू पिळलेलं, हे जेवण कुठल्याही पावडरीपेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं, लिंबाने लोह चांगलं लागतं. व्हिडिओत सांगतात की सकाळी मिठाचं पाणी प्या, अ‍ॅड्रिनलला बळ येतं. ते अ‍ॅडिसनच्या पेशंटला लागणारं मीठ. आपल्या ताटात पापड, लोणचं, ठेचा, शेव आधीच आहे, दिवसाला 5 ग्रॅमची मर्यादा त्यातच संपते, आणि घरात बीपीचा पेशंट असेल तर हे पाणी अजिबात नको.

श्वासाचा एक साधा प्रकार भावाला दाखवला होता, मिनिटाला सहाच श्वास, सोडताना सावकाश. याने हृदयाचे ठोके शांत होतात हे मोजून दिसतं. डीपीवरून आल्यावर छाती धडधडत असायची तेव्हा तो ओट्यावर बसून पाच मिनिटं हेच करतो.

सध्या आमच्या फिडरला, म्हणजे आमच्या भागाच्या वीज लाईनला, दिवसाची लाईट आहे. भाऊ काल साडेनऊला झोपला, पहाटे साडेपाचला स्वतःहून उठला आणि बैलांना चारा टाकून आला. सोमवारपासून परत रात्रीची. मागच्या खोलीची खिडकी झाकायला आईने जुनी सतरंजी धुवून वाळत घातलीय.