विस्तारित उत्पादक दायित्व (इलेक्ट्रॉनिक कचरा)

निकामी झालेल्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी, खर्चासह, त्या वस्तू बाजारात आणणाऱ्यावर टाकणारे तत्त्व. कारखाना कोणाचा हे येथे गौण असते. आपल्या नाममुद्रेखाली वस्तू विकणारा आणि आयातदार हेही ‘उत्पादक’च ठरतात.

संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. थॉमस लिंडक्विस्ट या स्वीडिश अभ्यासकाने १९९० च्या सुमारास स्वीडनच्या पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिलेल्या अहवालात ती प्रथम मांडली, असे सामान्यतः मानले जाते. काहीजण मात्र तिचे मूळ आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९७२ मध्ये स्वीकारलेल्या ‘प्रदूषकाने भरपाई द्यावी’ या तत्त्वात शोधतात. जर्मनीचा १९९१ चा वेष्टनविषयक अध्यादेश हा तिचा आरंभीचा मोठा कायदेशीर आविष्कार होय. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. कारण १९७२ च्या तत्त्वाचा रोख प्रामुख्याने धुराड्यावर आणि सांडपाण्यावर होता, तर विल्हेवाटीचा खर्च अंगावर आला की उत्पादक वस्तूची घडणच बदलेल, हा लिंडक्विस्ट यांचा मूळ विचार होता. जपानने १९९८ मध्ये (अंमल २००१ पासून) आणि युरोपीय संघाने २००३ मध्ये विद्युत वस्तूंच्या कचऱ्यासंबंधी कायदे केले.

भारतात २०११ चे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ च्या नियमांनी उत्पादकांना संकलनाची उद्दिष्टे घालून दिली. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या २०२२ च्या नियमांनी वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर नेली आणि भर संकलनावरून पुनर्चक्रणावर हलवला. वस्तूचे ठरावीक सरासरी आयुष्य मागे मोजून त्या वर्षीच्या विक्रीच्या वजनाचा काही हिस्सा (२०२३-२४ साठी ६० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के) उत्पादकाने नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडून पुनर्चक्रण झाल्याची प्रमाणपत्रे घेऊन भागवायचा असतो. ही प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम या चार धातूंवर आधारित आहेत. माल कोणत्या जिल्ह्यातून आला याला त्यात महत्त्व नाही.

ग्रामीण विदर्भाच्या दृष्टीने ही बाब कळीची आहे. तेथे जुना दूरचित्रवाणी संच बहुधा मोटारसायकलवर फिरणारा कबाडीच नेतो. तो चित्रनलिकेच्या मानेवरचे तांब्याचे वेटोळे सोडवून घेतो. शिसेयुक्त काच मात्र अनेकदा नाल्याकाठीच पडते. तांबे हातोहात विकले जाते, तर काचेला ना गिऱ्हाईक ना प्रमाणपत्र. कबाडीला दोष देण्यात अर्थ नाही. गावापर्यंत येणारा निदान तोच एक असतो. उन्हाळ्यात घरोघरी चालणारा पत्र्याचा कूलर तर बहुधा तालुक्याच्या वर्कशॉपात बनलेला असतो, आणि कायद्याच्या व्याख्येतील सूक्ष्म उद्योग या नियमांतून वगळलेले असल्याने अशा कूलरपुरता उत्पादकच उरत नाही.

शेतातील सौर पंपांच्या पट्टिका यादीत आहेत. त्यांपासून झालेला कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर आहे. वादळात फुटलेली पट्टिका शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) त्या साठ्यापर्यंत कोणी न्यायची, याची तजवीज मात्र नियमांत आढळत नाही.