परदेशी पासपोर्ट आणि साथीतली लस: बडोद्यात कोणते कागद तयार ठेवावेत

ऑगस्ट 2021मध्ये दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या वरच्या खोल्यांत टांझानियाचे दोन विद्यार्थी भाड्याने राहत होते. दोघेही महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकायला आलेले. एका सकाळी ते कोविडची लस घ्यायला गेले, दीड तास रांगेत उभे राहिले आणि तसेच परत आले. खिडकीवरच्या ऑपरेटरने आधार कार्ड मागितलं. पासपोर्ट पुढे केला तेव्हा "हे चालत नाही" एवढंच उत्तर मिळालं. मोठा मुलगा जिन्यात थांबून मला म्हणाला, "अंकल, हम कहाँ जाएँ?"

खरं तर त्याच आठवड्यात, 9 ऑगस्ट 2021ला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं होतं की भारतात राहणारे परदेशी नागरिक कोविन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर पासपोर्ट दाखवून नोंदणी करू शकतात आणि लस घेऊ शकतात. नियम आला होता, खिडकीपर्यंत पोचला नव्हता. मी ते पत्रक छापून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन दुसऱ्या केंद्रावर गेलो. तिथे वीस मिनिटांत काम झालं. त्या दीड तासाची चीड मात्र अजून गेलेली नाही, आणि हे लिहायला बसलो ते त्यासाठीच. पुढची साथ कधी येईल कोणाला ठाऊक, पण कागद आजच लावून ठेवता येतात.

पात्रता कशावर ठरली

देशातलं लसीकरण 16 जानेवारी 2021ला सुरू झालं. आधी आरोग्य कर्मचारी, 1 मार्चपासून साठीच्या पुढचे आणि आजार असलेले पंचेचाळिशीच्या पुढचे, 1 एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे, 1 मेपासून अठरा वर्षांवरचे. ओळखपत्रांच्या यादीत पासपोर्ट पहिल्यापासून होता. पण तो दुसऱ्या देशाचा असला तर काय, याचं स्पष्ट उत्तर ऑगस्टपर्यंत खालच्या पातळीवर नव्हतं. म्हणून कुठे लस मिळाली, कुठे नाही. ज्यांच्याकडे आधार होतं त्यांना अडचण आली नाही, कारण खिडकीवर राष्ट्रीयत्व विचारतच नसत.

ऑगस्टच्या पत्रकात दिलेलं कारण मला पटलं. परदेशी नागरिक मोठ्या संख्येने महानगरांत राहतात, तिथे वस्ती दाट असल्याने संसर्ग पसरण्याचा धोका जास्त, म्हणून पात्र असलेल्या प्रत्येकाला लस मिळायला हवी. इथल्या फतेहगंजमध्ये एका खोलीत तीन-तीन विद्यार्थी राहतात, खाली चहाची टपरी, शेजारी कुटुंबं. त्यातल्या एकाला वगळून बाकीच्यांना सुरक्षित कसं ठेवणार?

आणि बडोद्याला तर हे नवीनही नाही. फेब्रुवारी 1898मध्ये, प्लेगच्या साथीत, वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस शहराजवळच्या उंडेरा गावात दिली होती. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचली, निम्म्यांना नाही, आणि त्यानंतरही गावात प्लेग चालू राहिला तेव्हा टोचलेल्यांमध्ये मृत्यू फार कमी झाले. हाफकिन ओडेसाचे, म्हणजे इथे परदेशीच. परदेशी माणसाने आपल्या गावात लस दिली ती आपण घेतली, मग आपल्या गावात राहणाऱ्या परदेशी माणसाला लस देताना आपला हात का थांबावा?

नोंदणीला काय लागायचं

तीन गोष्टी: पासपोर्ट, भारतीय मोबाइल क्रमांक आणि पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव. व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे हे कोविन विचारत नसे. विद्यार्थी, नोकरीवाला, लग्न करून आलेली सून, सगळ्यांना फॉर्म एकच.

मोबाइलवर ओटीपी यायचा, म्हणून भारतीय सिम हवंच. ज्याच्याकडे नव्हतं त्याला घरमालकाच्या किंवा मित्राच्या क्रमांकावर नोंदवता येत होतं. सुरुवातीला एका क्रमांकावर चार जण चालत, जानेवारी 2022मध्ये ते सहा झाले. माझ्या क्रमांकावर आम्ही दोघं आणि ते दोघं, असे चार झालो होतो. सोय खरी, पण त्यात एक धोका आहे. विद्यार्थी शिकून परत जातो आणि त्याच्या प्रमाणपत्राची किल्ली आपल्या फोनमध्ये राहते. म्हणून जाण्याआधी पीडीएफ त्याच्या ईमेलवर पाठवून द्या.

नावाच्या बाबतीत जरा थांबून लक्ष द्यावं लागतं. टांझानियाच्या त्या मुलाच्या पासपोर्टवर तीन नावं होती आणि विद्यापीठाच्या ओळखपत्रावर दोनच. ऑपरेटर घाईत विद्यापीठाचं कार्ड पाहून टाइप करायला लागला, तेव्हा त्याला थांबवून पासपोर्टचं पान पुढे धरलं. त्या काळात विमानतळावर प्रमाणपत्र आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहत. तिथे मधलं नाव गायब असेल तर उत्तर देताना नाकीनऊ येत.

आधार की पासपोर्ट? दोन्ही कधीच नको

इथे माझ्या घरातली चूक सांगतो. माझी मामी 68 वर्षांची, अमेरिकेची नागरिक, ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड). निवृत्तीनंतर ती रावपुऱ्यातल्या जुन्या घरात राहायला आली. आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस किंवा जास्त भारतात राहिलेल्या परदेशी नागरिकाला रहिवासी म्हणून आधार मिळू शकतं, तसं तिने काढलं होतं. पहिला डोस तिने आधारवर घेतला. दुसऱ्या वेळी मीच म्हणालो, "मामी, पुढे अमेरिकेला जायचंय, पासपोर्टच द्या." झालं! कोविनने तिला नवीन माणूस मानलं आणि पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रं निघाली. दोन लशी घेऊनही कागदावर ती अर्धवटच.

दुरुस्ती होती. कोविनवर तक्रार नोंदवण्याच्या भागात पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रं एकत्र करण्याची सोय होती. नाव, जन्मवर्ष, लिंग दुरुस्त करायचीही होती, पण ती दुरुस्ती एकदाच करता येई. त्याच ठिकाणी पासपोर्ट क्रमांक जोडण्याचा पर्याय होता. म्हणजे मामीने दोन्ही डोस आधारवरच घेतले असते आणि शेवटी पासपोर्ट क्रमांक जोडला असता, तर काहीच अडलं नसतं. तिचं प्रमाणपत्र सरळ व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

ओसीआयवाल्यांसाठी आणखी एक. ओसीआय कार्ड कोविनच्या ओळखपत्रांच्या यादीत नव्हतं. "हे सरकारचंच कार्ड आहे" म्हणून खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही. पासपोर्ट किंवा आधार, दोन्हींतलं एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

कोणती लस घ्यायची हा प्रश्न

भारतीय माणसाला मिळेल ती लस घेऊन चाललं. परदेशी माणसाला मात्र व्हिसाची तारीख आणि आपल्या देशाचा नियम, दोन्ही सांभाळावे लागत होते. मे 2021पासून कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर 12 ते 16 आठवडे झालं होतं. म्हणजे ऑगस्टमध्ये पहिला डोस घेतला तर दुसरा नोव्हेंबरमध्ये. कोव्हॅक्सिनचं अंतर 28 दिवसांचं. लवकर परत जाणाऱ्याला कोव्हॅक्सिन सोयीची वाटे, पण जागतिक आरोग्य संघटनेने कोविशील्डला 15 फेब्रुवारी 2021लाच आपत्कालीन वापराच्या लशींच्या यादीत घेतलं होतं आणि कोव्हॅक्सिनला थेट 3 नोव्हेंबर 2021ला. मधल्या काळात कोव्हॅक्सिन घेऊन मायदेशी उतरणाऱ्याला तिथे लस न घेतलेला समजलं जाण्याची शक्यता होती.

आमच्याकडच्या धाकट्याचा कोर्स अजून वर्षभर होता, त्याने कोविशील्ड घेतली आणि नोव्हेंबरपर्यंत थांबला. मोठ्याला लवकर परत जायचं होतं. त्याने आधी आपल्या देशाच्या उच्चायोगाला (म्हणजे दूतावासाला) ईमेल केला, उत्तराची वाट पाहिली आणि मगच ठरवलं. हाच क्रम बरोबर आहे. केंद्रावरची नर्स तुमच्या देशाचा प्रवेशनियम सांगू शकत नाही, तिच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

खासगी रुग्णालयात घ्यायची झाल्यास जून 2021मध्ये केंद्राने कमाल दर ठरवून दिले होते: कोविशील्ड 780 रुपये, कोव्हॅक्सिन 1,410, स्पुटनिक व्ही 1,145. यातच रुग्णालयाचा सेवाआकार धरलेला होता, तो 150 रुपयांहून जास्त घेता येत नव्हता. पावती मागून घ्या, कारण परदेशी विमा कंपनीला दाखवावी लागते.

मुलांचं थोडक्यात: 3 जानेवारी 2022पासून 15 ते 18 वयाच्या मुलांना कोव्हॅक्सिन, 16 मार्च 2022पासून 12 ते 14 वयाच्या मुलांना कोर्बेव्हॅक्स. त्याहून लहानांसाठी देशात मोहीम सुरू झाली नाही, त्यामुळे सुट्टीत आजी-आजोबांकडे आलेल्या सहा-सात वर्षांच्या नातवंडांसाठी धावपळ करून उपयोग नव्हता.

व्हिसा संपला असेल तर

ही भीती मी अनेकांच्या डोळ्यांत पाहिली. लस घ्यायला गेलो आणि व्हिसा संपल्याचं कोणी पाहिलं तर? साथीमुळे अडकलेल्या, मार्च 2020च्या आधी वैध व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकांचा मुक्काम गृह मंत्रालयाने दंड न आकारता वेळोवेळी वाढवला होता, आणि शेवटी ती मुदत 30 सप्टेंबर 2021पर्यंत नेली होती. म्हणजे ते बेकायदा राहत नव्हते. पण हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं, आणि ते काम घरमालकांनी, वसतिगृहाच्या वॉर्डननी करायला हवं होतं.

पासपोर्टच नसलेले लोक

सगळ्यात कमी बोललं जातं ते यांच्याबद्दल, आणि बडोद्यात तर बोललंच पाहिजे. पाकिस्तानातून आलेली हिंदू कुटुंबं गुजरातेत अनेक वर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. 28 मे 2021च्या अधिसूचनेने नागरिकत्वाचे अर्ज हाताळण्याचा अधिकार ज्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना दिला त्यात बडोदाही आहे. यातल्या अनेकांचे पासपोर्ट मुदत संपलेले, आणि नवा काढायला जायचं कुठे?

त्यांच्यासाठी वाट होती ती मे 2021च्या कार्यपद्धतीची, जी ओळखपत्र नसलेल्यांसाठी काढली होती. जिल्ह्याच्या कृती दलाने असे लोक शोधायचे, त्यांच्यासाठी एक समन्वयक नेमायचा, आणि त्याच्या मोबाइलवर व ओळखपत्रावर त्या गटाची नोंदणी करून खास सत्रात लस द्यायची. त्यात साधू, तुरुंगातले कैदी, वृद्धाश्रमातले लोक, रस्त्यावर भीक मागणारे अशी नावं घेतलेली होती. अशा वेळी एकट्याने खिडकीवर जाऊ नये. वस्तीतल्या दहा-पंधरा जणांची नाव, वय आणि पत्ता अशी यादी करून ती महापालिकेच्या अर्बन प्रायमरी हेल्थ सेंटरच्या मेडिकल ऑफिसरकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. यादी लेखी दिली की तिचा पाठपुरावा करता येतो. तोंडी विनंती दुपारच्या चहाबरोबर विसरली जाते.

आजच काय करून ठेवावं

घरात परदेशी भाडेकरू असेल तर तो आल्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन भरा. पूर्वी याला फॉर्म सी म्हणत. 1 सप्टेंबर 2025पासून परदेशी नागरिकांसाठीचा नवा कायदा लागू झाला आहे, तरी ही जबाबदारी घरमालकाचीच राहिली आहे. 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने आल्यापासून 14 दिवसांत ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची असते. ओसीआयधारकाला ही नोंदणी लागत नाही. या नोंदणीचा लशीशी थेट संबंध नाही, पण साथीत पत्ता सिद्ध करायची वेळ आली की हाच कागद कामाला येतो.

एका फोल्डरमध्ये पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा, नोंदणीचा दाखला, भाडेकरार आणि मायदेशी घेतलेल्या लशींचं कार्ड ठेवा. ते कार्ड स्वाहिली, फारसी किंवा आणखी कुठल्या भाषेत असेल तर इंग्रजी भाषांतर करून त्याच पानाला जोडा. व्हिसा वाढला की जुनं पान फेकू नका, नवं त्याच्या वर लावा.

आणि पासपोर्ट नवा निघाला तर त्याचा क्रमांक बदलतो. आमच्या धाकट्याच्या बाबतीत तेच झालं. प्रमाणपत्रावर जुना क्रमांक, हातात नवा पासपोर्ट. त्याने जुना रद्द झालेला पासपोर्ट सोबत नेला, दार-ए-सलामला उतरल्यावर दोन्ही एकत्र दाखवले आणि बाहेर आल्यावर तिथूनच मला फोन केला.