डाग दिसतो तिथंच वर गळतंय, असं नसतं

पणजी, मडगाव, म्हापसा कुठेही बघा, मे महिना आला की दुकानांच्या बिल्डिंगांत सगळे एकच सांगतात, छताला डाग आलाय ना, मग त्याच्या बरोब्बर वर टेरेसवर वॉटरप्रूफिंग मारा, काम झालं. अहो नाही होत! पाणी सरळ खाली येतंच असं नाही, ते स्लॅबमधल्या भेगांतून, वायरिंगच्या पाइपातून वाट काढत जातं आणि पार लांब कुठेतरी पंख्याच्या हुकापाशी टपकतं. मूळ बऱ्याचदा पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी असतं, तिथं पाचोळा नि प्लास्टिक अडकून तळं साचतं, नाहीतर पॅरापेटच्या (टेरेसच्या कठड्याच्या) कोपऱ्यातल्या चिरेत.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, मग साचलेलं पाणी मुरणारच. म्हणून आधी पाइपांच्या तोंडावरच्या जाळ्या साफ करा, मग पाइपांची तोंडं बंद करून टेरेसवर इंचभर पाणी दिवसभर उभं ठेवा आणि खाली बघत राहा (जुना स्लॅब, सळ्या उघड्या पडल्या असतील तर आधी इंजिनियरला विचारा, पाण्याला वजन भरपूर असतं). वॉटरप्रूफिंगचा कोट मात्र स्लॅब नीट सुकल्यावरच मारा, ओल्यावर मारलेला बहुतेक वेळा फुगून सुटतो आणि पैसे पाण्यात जातात.