दशांश अपूर्णांक : शालेय आकलन

एककाचे दहा, शंभर, हजार समान भाग करून त्यांतले काही भाग स्थानिक किमतीनुसार लिहिण्याची रीत म्हणजे दशांश अपूर्णांक. दशांश चिन्हाच्या (टिंबाच्या) डावीकडे एकक, दशक, शतक. उजवीकडे दशांश, शतांश, सहस्रांश. अंक एक घर उजवीकडे सरकला की त्याची किंमत दहावा हिस्सा होते. युरोपात या रीतीचा प्रसार सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाच्या १५८५ सालच्या पुस्तिकेने झाला. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे होते.

महाराष्ट्रात मुले साधारण पाचवीत हा भाग शिकतात. पण पाव, अर्धा, पाऊण, सवा, दीड, अडीच हे शब्द त्यांच्या तोंडी आधीपासून असतात. कोकणच्या मासळीबाजारात आईबरोबर उभ्या मुलाला काट्यावर ०.७५० दिसते आणि त्याच वेळी ‘पाऊण किलो बांगडे’ ऐकू येते. आकडा आणि बोली अशी एकत्र भेटणे ही फार मोलाची शिदोरी आहे.

तरी इथेच एक फसगत दडलेली असते. मूल ०.७५० हे ‘शून्य किलो, सातशे पन्नास ग्रॅम’ असे वाचते; म्हणजे दोन पूर्ण संख्या आणि मध्ये टिंब. काट्यावर नेहमी तीन अंक आणि पैशांत नेहमी दोन, त्यामुळे ही चूक उघडी पडत नाही. अंकांची संख्या बदलली की घोटाळा होतो. पंचवीस तिनापेक्षा मोठे, म्हणून ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठे ठरते, ३.५ रुपये म्हणजे तीन रुपये पाच पैसे होतात. काही मुले उलट टोकाला जातात : शतांश लहान, म्हणून ०.६५ हे ०.३ पेक्षा लहान. ‘पॉइंट पंचवीस’ असे वाचण्याची सवय या गैरसमजाला खतपाणी घालते. सुरुवातीला तरी ‘पंचवीस शतांश’ असेच म्हणवून घ्यावे.

किनाऱ्यावरच्या शाळेला यासाठी भरती-ओहोटीच्या कोष्टकासारखे साधन नाही. एका दिवशी भरती १.८ मीटर, दुसऱ्या दिवशी १.७५, पाणी कधी जास्त चढेल? बहुतेक हात १.७५ साठी वर जातात. मग जांभ्याच्या भिंतीवर मीटरपट्टी धरून दोन्ही खुणा खडूने करायच्या. १.८ ची रेघ पाच सेंटिमीटर वर येते. आठ दशांश म्हणजे ऐंशी शतांश, हे तेव्हा मुलेच सांगतात.

हापूस मात्र डझनावर विकला जातो. दीड डझन म्हणजे अठरा आंबे, हे कोणतेही मूल चटकन सांगते. पण लिहिताना एक डझन आणि वर सहा म्हणून १.६ लिहिते. त्या वेळी पेटीशेजारी बसून समजवावे लागते : १.५ मधले पाच म्हणजे पाच आंबे नव्हेत, डझनाच्या दहा भागांपैकी पाच भाग, आंबे सहाच.